सावकाश जळणारी

बंदुकीच्या दारूला पेटण्याआधीही एक वास असतो. पेटल्यानंतरचा सगळ्यांच्या ओळखीचा. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणभर पसरलेल्या लाल कागदी चिंध्यांवर तो दुपारपर्यंत रेंगाळतो, गंधकाचा, धुराचा, डोळ्यांना झोंबणारा. मी म्हणते तो त्याच्या आधीचा. रायफलच्या काडतुसात भरायच्या दारूचा नवा डबा पहिल्यांदा उघडला, वरचा सीलचा कागद सोलला, की झाकणाखालून एक थंड लहर वर येते, गोडसर, किंचित मादक, आणि ती ओळखीची वाटेपर्यंत विरूनही जाते. तो ईथरचा वास. दारू घडवताना ईथर आणि अल्कोहोल वापरलेलं असतं. मागाहून ती कितीही वाळवली तरी कणांच्या पोटात त्याचा एक अंश उरतोच, आणि डबा उघडेपर्यंत तिथंच मुरून असतो. पहिल्यांदा हुंगलं तेवढंच खरं. दुसऱ्यांदा नाक नेलं तर तिथं फक्त कोरडं, काळपट, निर्विकार असं काहीतरी असतं.

मी मोंटानात राहते, बिटररूट खोऱ्यात. पश्चिमेला डोंगरांची लांबच लांब रांग आहे, आणि दुपारी चारनंतर त्या डोंगरांच्या सावल्या खोऱ्यात उतरायला लागल्या की शेजारच्या घराच्या गॅरेजचं दार वर उचललं जातं. तिथं शेजारचे आजोबा असतात. इथं कुणी कुणाला आजोबा म्हणत नाही, ऐंशीच्या माणसालाही नावानंच हाक मारतात आणि मीही मारते. मनातल्या मनात मात्र ते आजोबाच. गॅरेजच्या एका भिंतीला त्यांचं बाक आहे, जाड फळ्यांचं, तेलानं काळं झालेलं. त्यावर लोखंडी दाबयंत्र पक्कं ठोकलेलं, पितळी दांडीचा काटा, एक नरसाळं, लाकडी ठोकळ्यात ओळीनं उभ्या केलेल्या रिकाम्या पुंगळ्या. ऑक्टोबरच्या शेवटाला शिकारीचा मोसम उघडतो, तो थँक्सगिव्हिंगच्या पुढच्या रविवारपर्यंत चालतो. त्याआधीचे आठवडे काडतुसं भरायचे. दुकानात आयती मिळतात, कुणी म्हणेल मग ही यातायात कशाला. पण ज्या माणसानं आयुष्यभर स्वतःच्या रायफलीसाठी स्वतः काडतूस घडवलं, त्याला ते विचारण्यात अर्थ नाही.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी माझ्यादेखत नवा डबा उघडला, आणि मी गॅरेजमध्ये उभी असताना गॅरेजमध्ये उरले नाही.

बाबांचा बुशशर्ट. दाराच्या मागच्या खुंटीवर अडकवलेला, खाकी, कॉलरीशी विटलेला, आणि त्याच्या कापडात अडकलेली हीच थंड गोडसर लहर. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणीच्या क्वार्टरमध्ये आमचं लहानपण गेलं. भोंगा झाला की रस्ताभर सायकली दिसायच्या, आणि त्या सायकलींच्या गर्दीतून आपल्या बाबांची सायकल ओळखणं हा आम्हा भावंडांचा रोजचा खेळ होता. ते आले, पाय धुतले, शर्ट खुंटीला लावला, की घरात तो वास हलकेच शिरायचा. आईला तो आवडत नसे. ती तो शर्ट वेगळा भिजवायची, वेगळा वाळत घालायची, आणि दोरीवरून काढताना एकदा नाकाशी नेऊन बघायची. मला वाटायचं, ती वास गेला का ते बघते. आता वाटतं, कदाचित तसं नसेलही.

आणखी एक गोष्ट त्या शर्टाबरोबरच आठवते. घराबाहेर पडण्यापूर्वी बाबा दोन्ही हातांनी सगळे खिसे चाचपून बघायचे; वरचा, पँटचे दोन्ही, मागचा. कारखान्याच्या फाटकातून आत काडेपेटी न्यायची नाही हा पहिला नियम. बाबा विडी-सिगरेट ओढत नसत, त्यांच्या खिशात काडेपेटी असायचं काही कारणच नव्हतं. तरी ते रोज चाचपायचे. रविवारी भाजी आणायला निघाले तरी चाचपायचे. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या फ्लॅटच्या दारात उभं राहूनही चाचपायचे, आणि मग क्षणभर थबकून, आपण कुठं निघालो होतो ते आठवत राहायचे.

कारखान्यात ते नेमकं काय करतात हे आम्हाला सांगण्याची पद्धत नव्हती, आणि विचारण्याचीही नव्हती. एकदाच, मी नववी-दहावीत असेन, रसायनशास्त्राच्या पुस्तकात स्टार्च आणि आयोडीनचा धडा निघाला तेव्हा ते आपणहून बोलले. म्हणाले, मी कागदाकडे पाहत बसतो. एवढंच? एवढंच. एका काचेच्या नळीत दारूचा नमुना घालायचा, वरती स्टार्च-आयोडाइडचा एक चिमुकला कागद टांगायचा, त्याचा वरचा अर्धा भाग ग्लिसरीनच्या पाण्यानं ओला करायचा, नळी गरम पाण्यात सोडायची आणि घड्याळ लावून बसायचं. दारू तापली की तिच्यातून अगदी सूक्ष्म असा वायू सुटतो, आणि कागदाचा ओला भाग जिथं संपतो आणि कोरडा सुरू होतो त्या सीमेवर एक तपकिरी रेघ उमटते. ती रेघ किती मिनिटांनी आली, तेवढं वहीत लिहायचं. लवकर आली तर त्या दारूचं काही खरं नाही. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक एबलच्या नावानं ही चाचणी ओळखली जाते.

"म्हणजे दारू खराब होते?" मी विचारलं होतं.

"ज्या दिवशी बनते त्या दिवसापासूनच होते," बाबा म्हणाले. "आपण फक्त तिला सावकाश व्हायला सांगतो."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पुढं कळलं, की या दारूचा जो मूळ पदार्थ, नायट्रोसेल्युलोज, तो स्वभावतःच अस्थिर. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड कणाकणानं सुटत राहतात, आणि सुटलेले ऑक्साइडच उरलेल्या दारूला आणखी कुरतडतात. म्हणून तिच्यात सुरुवातीलाच डायफेनिलअमाइन नावाचं एक द्रव्य चिमूटभर मिसळतात. ते काही करत नाही, फक्त सुटणारं विष आपल्यात घेत राहतं. त्याची घेण्याची ताकद संपली की दारूचे दिवस भरले. थंड, कोरड्या जागी ठेवलेली दारू कितीतरी दशकं टिकते; पत्र्याच्या तापल्या छपराखाली तेवढी टिकत नाही. घरातली काही माणसं अशीच सगळ्यांचं आपल्यात घेत राहतात, आणि आपल्याला त्यांची वेळ ओळखू येत नाही. असो.

नायट्रोसेल्युलोज म्हणजे तरी काय? कापूस. हे मला फार उशिरा, जवळजवळ हसू येईल इतक्या उशिरा उमगलं. माझं आजोळ यवतमाळकडचं. दिवाळीनंतर आजोळी गेलं की ओसरीत छतापर्यंत कापूस भरलेला, त्यात उड्या मारायला मनाई, आणि मनाई असूनही आम्ही मारलेल्या उड्या. जिनिंगमध्ये रुई वेगळी निघाली तरी सरकीवर आखूड, मऊ लव चिकटून राहते. तिचं सूत निघत नाही, कापड विणलं जात नाही. ती लव खरवडून काढतात, धुतात, आणि नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवतात. बाहेर येते तेव्हाही ती कापसासारखीच दिसते, पांढरी, निरागस. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा रसायनतज्ज्ञ शोनबाइन यानं १८४६ साली हे जगापुढं आणलं. दंतकथा अशी, की स्वयंपाकघरात सांडलेलं आम्ल त्यानं बायकोच्या सुती ॲप्रननं पुसलं, ॲप्रन वाळायला चुलीजवळ टांगला, आणि तो एका लखलखाटात नाहीसा झाला. खरं-खोटं ॲप्रनला ठाऊक. पण तो कापूस फार उतावळा होता, बंदुकाच फोडायचा. त्याला ईथर-अल्कोहोलमध्ये मळून, चिकट गोळा करून, पातळ लाटून, कापून, वाळवून शिस्त लावली ती पोल व्हिएल या फ्रेंच माणसानं, १८८४ साली. तेव्हापासून रणांगणावरचा धूर गेला, आणि तेव्हापासूनच हा वास जगात आला.

आजोबांच्या बाकावर त्या दिवशी डबे होते ते याच वंशातले. त्यांच्याकडं त्यांच्या वडिलांची विंचेस्टर रायफल आहे, थर्टी-ऑट-सिक्सची. हे काडतूस अमेरिकन सैन्यानं १९०६ साली स्वीकारलं म्हणून त्याच्या नावात ते सहा. तिच्यासाठी कुठली दारू निवडायची हा प्रश्न मला आधी विचित्रच वाटला होता. दारू ती दारू. पण दुकानाच्या फडताळावर डझनांनी डबे असतात, नावं थोडी आणि आकडे फार: ४०६४, ४८९५, ४३५०, ४८३१. सगळी पेटते, सगळी जळते. फरक कशाचा, तर ती किती सावकाश जळते याचा.

आजोबांनी मला ते तळहातावर दाखवलं. ४३५० चे कण ओतले, जेमतेम तीळभर लांबीचे, दंडगोल, ग्राफाइट चढवल्यामुळं शिसपेन्सिलीच्या टोकाच्या रंगाचे. मग त्यांनी भिंग दिलं. भिंगाखाली प्रत्येक कणाच्या मधोमध आरपार छिद्र दिसलं. म्हणाले, सगळी अक्कल त्या छिद्रात आहे. भरीव कण पेटला की बाहेरून जळत आत जातो, जळताना बारीक होत जातो, आणि जळायला जागाच कमी उरते. म्हणजे आरंभी धडाका आणि शेवटी काही नाही. पोकळ कण बाहेरून जळतो तसा आतूनही जळतो. बाहेरचा पृष्ठभाग घटतो तेव्हा आतला वाढतो, आणि आग एकसारखी राहते. वर प्रत्येक कणाला एक पातळ लेप असतो, तोही पहिल्या क्षणाची घाई आवरायला. हा सगळा खेळ चालतो सेकंदाच्या एका हजाराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात गोळी नळीच्या या टोकापासून त्या टोकाला पोचलेली असते. आणि त्या एवढ्याशा वेळातही घाई करणारी दारू आहे आणि धीरानं घेणारी आहे.

हलकी गोळी पटकन सरकते, तिच्यामागं जागा पटकन मोकळी होते, तिला ४०६४ सारखी जराशी चपळ दारू चालते. जड गोळी जागची हलायला वेळ घेते. तिच्यामागं चपळ दारू भरली तर गोळी हलायच्या आत दाब भलताच चढतो. तिला सावकाश जळणारी हवी, जी आधी नुसता हात लावते, मग ढकलते, आणि नळीच्या तोंडापर्यंत ढकलत राहते. आम्हाला झोक्यावर बसवून आजी असाच झोका द्यायची. पहिला धक्का कधी द्यायची नाही, पाठीला हात टेकवून चार पावलं आमच्याबरोबर चालायची आणि मग सोडायची.

आजोबा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला १८० ग्रेनची गोळी घेतात, जड. म्हणून त्यांची निवड सावकाश जळणाऱ्यांतली.

त्या सावकाश जळणाऱ्यांची एक गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की आता ती मला माझ्याच घरातली वाटते. दुसऱ्या महायुद्धात २० मिलिमीटरच्या तोफांसाठी अमेरिकेत ४८३१ नावाची दारू अफाट प्रमाणात बनली. युद्ध संपलं, तोफा गप्प झाल्या, दारू उरली. एवढी सावकाश दारू लहान बंदुकीला काय कामाची, म्हणून सरकारला तिचं ओझं झालं. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन नावाच्या माणसानं युद्धातली उरलेली दारू मातीमोल भावानं घेतली, माळावर उभ्या केलेल्या रेल्वेच्या जुन्या डब्यात साठवली, आणि पत्रावर ऑर्डर घेऊन शिकाऱ्यांना विकायला सुरुवात केली. आधी ४८९५, मग ही ४८३१. विमानं पाडायला जन्मलेली दारू अशी हरणांच्या मागं डोंगरात आली. आजोबांच्या वडिलांनी तेव्हा ४८३१ चा एक मोठा पुठ्ठ्याचा पिंप मागवला होता, आणि आजोबांनी शाळकरी वयात त्याच पिंपातून पहिलं काडतूस भरलं. आज हॉजडनची त्या नावाची जी दारू डब्यात मिळते ती नव्यानं बनलेली, ऑस्ट्रेलियातून येणारी. आकडा जुना, अंग नवं.

आकड्यांवर विसंबायचं नाही, हेही तिथंच शिकले. एक ४३५० आयएमआर या छापाची, दुसरी ४३५० हॉजडनची. नाव सारखं, जळणं सारखं नाही, आणि एकीचं माप दुसरीला लावणं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांशी खेळणं. त्याच कंपनीची, त्याच नावाची, पण वेगळ्या खेपेची दारू आली तरी आजोबा पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या मापापासून पुन्हा आरंभ करतात, थोडं थोडं चढवत जातात, आणि प्रत्येक झाडलेल्या पुंगळीची टोपी भिंगाखाली बघतात, चपटी तर झाली नाही ना. बाकावर एका वेळी एकच डबा उघडा. भरून झालं की उरलेली दारू त्याच डब्यात परत. बरणीत नाही, लेबल नसलेल्या कशातच नाही. मला हे सांगावं लागलं नाही. हा सगळा सोवळेपणा मी लहानपणी खिसे चाचपणाऱ्या हातांत पाहिला होता.

वडिलांच्या पिंपातली थोडी दारू आजोबांनी आठवण म्हणून ठेवली होती. गेल्या वसंतात त्यांनी ती उघडली. मी जवळच होते. ईथरची थंड लहर नव्हती. नाकाला ओरखडा काढणारा एक आंबट, उग्र भपका आला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला गंजासारखी तांबूस पूड दिसली. आजोबा काही बोलले नाहीत. डबा बंद केला, घराबाहेर नेला, आणि घरापासून लांब, लायलॅकच्या झुडपांखाली, ओल्या मातीवर ती दारू मूठमूठ, पातळ पातळ पसरून टाकली. नायट्रोजन असतो, म्हणाले, झाडांना चालतो. मी मात्र मनात घड्याळ लावून बसलेल्या माणसाला पाहत होते, ओल्या-कोरड्याच्या सीमेवर कधीतरी उमटणाऱ्या त्या तपकिरी रेघेची वाट बघणाऱ्या. रेघ उमटली होती बाबा. तुम्ही नव्हता.

पुंगळ्यांबद्दल मात्र मला आजोबांपेक्षा जास्त कळतं, असं मी त्यांना बजावून सांगते. मी भंडाऱ्याची आहे, आणि भंडारा पितळेचं गाव. बाजाराच्या दिवशी कासाराच्या दुकानासमोरून जाताना गुंड, कळशा, पराती एकमेकींना लागून जो नाद घुमायचा तो अजून माझ्या कानात आहे. पितळ ठोकलं की कडक होतं आणि मग चिरतं, तापवलं की पुन्हा ऐकायला लागतं; हे कासाराला कळतं आणि काडतूसवाल्यालाही. पुंगळी झाडली, दाबयंत्रात घालून परत मापात आणली, पुन्हा झाडली, असं होत होत तिची मान कडक होते, आणि मग एक दिवस केसाएवढी चीर पडते. आजोबा दर काही फेऱ्यांनी त्या माना ज्योतीवर फिरवतात. रंग जरासा बदलला की बाजूला. मी त्या पुंगळ्या मुठीत घेऊन हलवते आणि नाद ऐकते. चिरलेली बद्द वाजते. त्यांना ही युक्ती ठाऊक होती का, कोण जाणे. मी वाजवून दाखवली तेव्हा त्यांनी पाहुणीला पहिला पेढा खाऊ द्यावा तशा चेहऱ्यानं मला शोध लावू दिला.

मग तोलणं. हा माझ्या आवडीचा भाग. दांडीचा काटा एका बाजूला शून्यावर स्थिर करायचा, पलड्यात दारू ओतायची, अगदी मापाच्या अलीकडे थांबायचं आणि उरलेली एकेक कणानं सोडायची. वजन ग्रेनमध्ये, सात हजार ग्रेनचा एक पाउंड. आपल्या सोनाराची एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन, आणि इथं ग्रेनचाही दहावा भाग मोजायचा. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, एक काढला, दुसरा बाकी आहे, त्यामुळं दांडीच्या टोकाशी नजर मी लावते आणि कण ते सोडतात. पश्चिमेचं ऊन तेव्हा गॅरेजच्या उघड्या दारातून आडवं आत येतं, पलड्यावर पडतं, आणि ते करडे कण एकदम रुपेरी दिसायला लागतात. "थांबा," मी म्हणते. ते थांबतात. दांडी वर, खाली, वर. श्वासानंही हलते ती. आम्ही दोघं श्वास धरून उभे. या वेळी कुणी फोन केला तर मी उचलत नाही.

कशासाठी हे सगळं, असं मला आईनं एकदा फोनवर विचारलं. एका जनावराला मारण्यासाठीच ना? हो, त्यासाठीच. ते मी तिच्यापासून लपवलं नाही आणि स्वतःपासूनही लपवत नाही. आजोबा वर्षाला एक एल्क मारतात, तो मिळाला तर. हिवाळाभर तेच मांस खातात, आणि एक मोठा वाटा माझ्या फ्रीजरमध्ये येतो. त्याचा मी सावजी रस्सा करते, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, काळं मिरं, वर तर्री, आणि आजोबा नाकाडोळ्यांतून पाणी काढत दुसऱ्यांदा वाढून घेतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: मारायचंच असेल तर ते जनावर धावत, रक्त सांडत डोंगर ओलांडून गेलेलं मला चालणार नाही. मोसमाच्या शेवटाला इथं पहाटे उणे वीस अंशही होतात. जुन्या धाटणीच्या कित्येक दारू थंडीत मंदावतात; ऑगस्टच्या उन्हात नेमक्या ठिकाणी लागलेली गोळी नोव्हेंबरच्या बर्फात खाली उतरते. म्हणून ते आता थंडी-उन्हात फारशी न बदलणारी दारू शोधतात, आणि हॉजडनच्या ४३५० वर त्यांचा जीव आहे तो त्यासाठी. मला मांस हवं आणि शिकार नको असं म्हणायचा अधिकार मी केव्हाच सोडला.

यंदा ती मिळाली नाही. गेली काही वर्षं फडताळं अशीच अर्धी रिकामी असतात. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून नायट्रोसेल्युलोज तोफगोळ्यांकडं वळलं. कुठल्या कुठल्या शेतातल्या सरकीची लव कुठल्या कुठल्या कारखान्यांतून तिकडं जाते आहे आणि शिकाऱ्याच्या डब्यापर्यंत उरत नाही. दारू लढाईतून शिकारीकडे आली होती, तीच वाट ती उलट चालते आहे. दुकानदारानं भाव सांगितला तेव्हा आजोबांनी टोपी काढून पुन्हा घातली. शेवटी दोन डबे उरले होते: एक ४८३१, नेहमीपेक्षा जास्त सावकाश, आणि एक ४०६४, जड गोळीला जरा घाईची. आजोबांनी दोन्ही उचलले, दोन्ही परत ठेवले, पुन्हा उचलले. सावकाश जळणारी त्या पुंगळीत काठोकाठ भरावी लागेल, तरी वेग थोडा कमीच मिळेल. घाईची कमी लागेल, वेगही देईल, पण माप जपून.

"तुझ्या वडिलांनी कुठली घेतली असती?" त्यांनी मला विचारलं.

मी हसले. माझ्या वडिलांनी जन्मात कधी बंदूक हातात घेतली नाही. दिवाळीत ते लवंगी फटाकासुद्धा लांबूनच बघायचे. "ते आधी दोन्ही डबे उलटे करून खालचा खेपेचा नंबर बघतील," मी म्हटलं, "आणि दुकानदाराला विचारतील, हे कुठल्या खोलीत ठेवले होते?"

आजोबांनी ४८३१ चा डबा उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि मग तो माझ्यापुढं धरत म्हणाले, "तूच वाच. आणि त्या खोलीचं काय म्हणालीस, ते त्याला विचार."